वाऱ्यांचे दप्तर : मॅथ्यू फाँटेन मॉरी

इ. स. १८४२ च्या उन्हाळ्यात अमेरिकन नौदलातील एक छत्तीस वर्षांचा लंगडा अधिकारी वॉशिंग्टन शहरातील एका सरकारी कोठाराचा प्रमुख म्हणून रुजू झाला. कोठार होते नकाशांचे आणि उपकरणांचे. सफरीवर निघालेल्या युद्धनौकांना नकाशे, होकायंत्रे व घड्याळे द्यायची, त्या परत आल्या की वस्तू मोजून घ्यायच्या, बिघडलेल्या दुरुस्त करायच्या, असे तेथले काम. ज्याला समुद्रावर जाण्याची आस आहे अशा माणसाला ही नेमणूक म्हणजे अडगळीत टाकल्यासारखीच होती. त्या कोठारात खरोखरीची अडगळही होती. सफर संपवून आलेल्या जहाजांच्या जुन्या नोंदवह्यांचे ढीग तेथे पडून होते. जहाज कोणत्या अक्षांश-रेखांशावर होते, वारा कोणत्या दिशेचा व किती जोराचा होता, आकाश कसे होते, प्रवाहाने जहाज किती वाहवले, हे सारे त्यांत तारीखवार लिहिलेले होते. लिहिणाऱ्यांचे काम झाले होते. वाचणारा कोणी नव्हता.

या अधिकाऱ्याचे नाव मॅथ्यू फाँटेन मॉरी. पुढे सागरविज्ञानाचा एक प्रवर्तक म्हणून त्याला जगाने ओळखले. परंतु त्याच्या हातून घडलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती असे विचारले, तर उत्तर एकच द्यावे लागेल. रद्दीत जाऊ पाहणारे दप्तर त्याने वाचले आणि त्यातले ज्ञान ज्यांचे होते त्यांनाच परत केले.

मॉरीचा जन्म व्हर्जिनिया राज्यात, फ्रेडरिक्सबर्ग गावाजवळ, १४ जानेवारी १८०६ रोजी झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंबाने टेनेसी राज्यातील फ्रँकलिन येथे शेती मांडली. तो भाग त्या वेळी बराचसा रानवट होता. मुलाने शेतातच राबावे असे वडिलांच्या मनात होते. पण बाराव्या वर्षाच्या सुमारास मॅथ्यू झाडावरून पडला, पाठीला जबर मार बसला आणि अवघड कामाला हा निरुपयोगी म्हणून त्याला शाळेत जाण्याची मोकळीक मिळाली. एका अपघाताने त्याला असे पुस्तकांकडे नेले. दुसऱ्या अपघाताने काय केले ते पुढे येईलच.

थोरला भाऊ जॉन नौदलात होता. तो पीतज्वराने समुद्रावरच वारला. एक मुलगा पाण्याने नेला, आता दुसरा द्यायचा नाही, असे वडिलांनी ठरवले असल्यास त्यात नवल ते काय? तरीही १८२५ साली एकोणिसाव्या वर्षी मॅथ्यूने त्यांचा विरोध न जुमानता नौदलात प्रवेश मिळवला. पहिली सफर ब्रँडीवाइन या युद्धनौकेवरची. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या वृद्ध लाफायेतला ती फ्रान्सला पोचवीत होती. पुढे व्हिन्सेन्स या जहाजावरून त्याने पृथ्वीप्रदक्षिणेत भाग घेतला. पृथ्वीला वळसा घालणारी ती अमेरिकेची पहिली युद्धनौका. १८३० साली ती मायदेशी परतली.

१८३१ साली फाल्मथ या जहाजावर त्याची नेमणूक झाली. जहाज न्यू यॉर्कहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिक महासागरात जायचे होते. मार्ग आखण्याची जबाबदारी मॉरीवर होती. केप हॉर्नचे वादळी पाणी म्हणजे शिडाच्या जहाजांचा काळ. तेथे कोणत्या महिन्यात कोणता वारा असतो, प्रवाह कोठे ओढतो, याची माहिती मिळावी म्हणून त्याने शोध शोध शोधले. हाती काही लागले नाही. शेकडो जहाजे त्या वाटेने जाऊन आली होती, प्रत्येकाने आपल्या वहीत सारे लिहून ठेवले होते. पण नव्या खलाशाला मात्र आपला प्रवास कोऱ्या पाटीनेच सुरू करावा लागत होता. ही खंत त्याच्या मनात घर करून राहिली. केप हॉर्नच्या नौकानयनावर त्याने स्वतः एक निबंध लिहून १८३४ साली प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी नौकानयनावरचे त्याचे पाठ्यपुस्तकही निघाले.

मग १८३९ चा ऑक्टोबर उजाडला. ओहायो राज्यात रात्रीच्या वेळी घोड्यांची टपालगाडी उलटली आणि टपावर बसलेल्या मॉरीचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसले नाही. पाय कायमचा अधू झाला आणि जहाजावरची कामगिरी संपली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने टोपणनावाने लेख लिहून नौदलाच्या गैरकारभारावर कोरडे ओढले. त्या लेखांनी त्याचे नाव झाले, शत्रूही झाले. अखेर नौदलाने त्याला नकाशांच्या कोठारात आणून बसवले. १८४४ साली त्याच खात्यातून नौदलाची वेधशाळा उभी राहिली आणि तिचे प्रमुखपद मॉरीकडे आले.

आता मॉरीने त्या वह्यांचे काय केले ते पाहू. एकच वही वाचून वाऱ्याचा स्वभाव कळत नाही. तिच्यात त्या एका जहाजाचे नशीब तेवढे असते. परंतु निरनिराळ्या वर्षांतील शंभर जहाजे एकाच महिन्यात एकाच पाण्यातून गेली असतील आणि त्यांतील बहुतेकांना वारा एकाच दिशेने लागला असेल, तर तो नशिबाचा भाग राहत नाही. मॉरीने व त्याच्या हाताखालील माणसांनी वही उघडायची, प्रत्येक दिवसाचे ठिकाण पाहायचे आणि तेथील वारा त्या महिन्याच्या रकान्यात टाकायचा, असे काम वर्षानुवर्षे केले. त्यांनी महासागराचे पाच पाच अंशांचे चौकोन पाडले आणि कोणत्या चौकोनात कोणत्या महिन्यात कोणता वारा किती वेळा लागला, याची मोजदाद केली. जहाजांचे मार्ग दाखवणाऱ्या नकाशांवर ऋतूंना रंग दिले : हिवाळ्याला काळा, वसंताला हिरवा, उन्हाळ्याला तांबडा आणि शरदाला निळा. ऋतूतला महिना कोणता, हे रेघ अखंड आहे, तुटक आहे की ठिपक्यांची, यावरून समजे. यंत्राच्या मदतीवाचून, केवळ शाई, कागद आणि चिकाटी यांच्या बळावर उभारलेले हे सांख्यिकीचे काम होते. उत्तर अटलांटिकचा वारे व प्रवाह यांचा त्याचा पहिला नकाशा १८४७ साली प्रसिद्ध झाला.

कसलेल्या कप्तानांनी प्रथम त्याकडे पाठच फिरवली. वेधशाळेत बसलेला अधू माणूस आम्हांला समुद्र शिकवणार, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. ब्राझीलकडे जाणारी जहाजे त्या वेळी पूर्वेकडे मोठा फेरा घेत. सेंट रोक भूशिराजवळचा प्रवाह आपल्याला किनाऱ्यावर आपटेल अशी भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. नोंदी वेगळेच सांगत होत्या. तो प्रवाह तितका भयंकर नव्हता आणि पश्चिमेकडून विषुववृत्त ओलांडले तर निर्वात पट्टा अरुंद लागत होता. १८४८ साली बाल्टिमोरच्या एका व्यापारी जहाजाच्या कप्तानाने हा मार्ग धरला, आणि रिओ द जानेरोची त्याची सफर नेहमीच्या मानाने दोन आठवड्यांहून अधिक दिवस आधी पुरी झाली. मग मात्र नकाशांसाठी रांग लागली.

येथेच मॉरीच्या कल्पकतेची खरी साक्ष पटते. नकाशे विकून पैसा करणे शक्य होते, शत्रुराष्ट्रांपासून ते दडवणेही शक्य होते. त्याने वेगळाच सौदा मांडला. जो कप्तान ठरावीक नमुन्याचा तक्ता रोज भरून सफरीअंती वेधशाळेला पाठवील, त्याला नकाशे व मार्गदर्शक पुस्तक फुकट. तक्त्यात तारीख, अक्षांश, रेखांश, प्रवाह, वायुभार, हवेचे व पाण्याचे तपमान आणि वाऱ्याची दिशा यांचे रकाने आखलेले होते. नोंद द्या, नकाशा घ्या. एकट्याची नोंद देणाऱ्याच्या पदरात हजारोंच्या नोंदींचे सार पडत होते. थोड्याच वर्षांत हजारावर जहाजे हे तक्ते भरू लागली. देवमासे मारणाऱ्यांच्या वह्यांतून त्याने देवमाशांचाही नकाशा काढला. त्यातच कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि केप हॉर्नच्या वाटेने झुंबड उडाली. न्यू यॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा सुमारे सहा महिन्यांचा प्रवास मॉरीच्या नकाशांवर चालणाऱ्यांना साधारण साडेचार महिन्यांत साधू लागला. १८५१ साली फ्लाइंग क्लाउड या वेगवान जहाजाने तो ८९ दिवस २१ तासांत संपवला. त्या जहाजाचा मार्ग आखत होती कप्तानाची पत्नी एलिनॉर क्रीझी, आणि ती मॉरीच्या नकाशांची व पुस्तकाची अभ्यासक होती.

परंतु समुद्र एका देशाचा नाही आणि वारा तर कोणाचाच नाही. सर्व राष्ट्रांच्या जहाजांनी एकाच पद्धतीने नोंदी कराव्यात म्हणून मॉरीने खटपट केली आणि २३ ऑगस्ट १८५३ रोजी ब्रुसेल्स येथे दहा देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. बेल्जियमचा सांख्यिकीशास्त्रज्ञ केतले अध्यक्षस्थानी होता. जमिनीवरील हवामानाचाही समावेश व्हावा ही मॉरीची इच्छा सफल झाली नाही. समुद्रापुरता मात्र एकच नमुना ठरला. या परिषदेला पुष्कळ फळे आली. ब्रिटनने १८५४ साली हवामानाच्या नोंदींसाठी स्वतंत्र खाते काढले आणि त्यावर डार्विनला बीगल जहाजातून नेणाऱ्या फिट्झरॉयची नेमणूक केली. तेच आजच्या ब्रिटिश हवामान खात्याचे मूळ होय.

१८५५ साली सागराचा प्राकृतिक भूगोल सांगणारे मॉरीचे पुस्तक निघाले आणि त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिल्या. त्याच साली नौदलाच्या मंडळाने, समुद्रावर जाण्यास अपात्र ठरवून, त्याचे नाव कार्यरत अधिकाऱ्यांच्या यादीतून काढले. कारण अर्थातच तो पाय! जगभर मानमरातब मिळत असताना घरी हा अपमान. तीन वर्षे झगडल्यावर १८५८ साली त्याला बढतीसह परत घेण्यात आले.

शास्त्रज्ञ म्हणून तो निर्दोष होता असे मात्र नव्हे. नोंदी गोळा करण्यात तो जितका काटेकोर, तितकाच त्यांवरून सिद्धांत बांधण्यात उतावळा होता. जोसेफ हेन्री, बाख यांच्यासारखे समकालीन शास्त्रज्ञ त्याच्यावर टीका करीत आणि ती अनाठायी नव्हती. उत्तर ध्रुवाभोवती बर्फमुक्त, मोकळा समुद्र आहे असे तो मानत असे. तशा समुद्राच्या आशेने जेनेट नावाचे अमेरिकन जहाज १८७९ साली उत्तरेला गेले, बर्फात अडकले आणि १८८१ च्या जूनमध्ये चिरडून बुडाले. ३३ जणांपैकी २० जण दगावले. त्या मोहिमेच्या नोंदवह्या मात्र वाचल्या. माणसांनी त्या बर्फावरून ओढत नेल्या होत्या. मॉरीचा सिद्धांत खोटा ठरला; ध्रुवीय बर्फ तेव्हा कोठे व कसे होते हे आज आपल्याला कळते ते या वह्यांमुळे.

आता त्याच्या आयुष्यातील अवघड प्रकरणाकडे वळले पाहिजे. मॉरी दक्षिणेचा होता. दक्षिणेची शेती काळ्या गुलामांच्या श्रमांवर उभी होती. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याची पाहणी व्हावी म्हणून त्याने जी धडपड केली, तिच्यामागे दक्षिणेतील मळेवाल्यांनी आपल्या गुलामांसह तेथे जाऊन वसाहत करावी, हा बेत होता. सर्व राष्ट्रांच्या खलाशांना एका पंगतीला बसवणाऱ्या या माणसाला आपल्या अंगणातला अन्याय मुळापासून उपटावा असे वाटले नाही. त्याने तो दुसऱ्या खंडात हलवण्याचा विचार केला. व्हर्जिनियाने संघराज्यातून फुटण्याचा निर्णय घेतल्यावर २० एप्रिल १८६१ रोजी मॉरीने राजीनामा दिला आणि तो बंडखोर दक्षिणेच्या नौदलात गेला. ज्याने जहाजे सुखरूप पोचावीत म्हणून वीस वर्षे खपून नकाशे काढले, तोच आता नदीच्या पात्रात जहाजे उडवणारे सुरुंग पेरू लागला. त्याने तो पक्ष स्वतः निवडला होता, आणि तो पक्ष गुलामगिरी टिकवण्यासाठी लढत होता.

त्याची किंमत त्याने पुरेपूर मोजली. १८६३ च्या जानेवारीत त्याचा मुलगा जॉन व्हिक्सबर्गच्या परिसरात टेहळणीला गेला तो परत आलाच नाही. इकडे वॉशिंग्टनमध्ये नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने, युद्ध चालू असतानाच, मॉरीचे नकाशे व मार्गदर्शक पुस्तके यांचे प्रकाशन बंद करावे अशी शिफारस केली. त्यात शास्त्रीय आक्षेप किती आणि राग किती, हे ज्याने त्याने ठरवावे. परिणाम इतकाच की ते तक्ते पुन्हा एकदा कपाटात गेले.

युद्ध हरल्यावर मॉरी मेक्सिकोत सम्राट मॅक्सिमिलियनच्या आश्रयाला गेला, तेथून इंग्लंडला गेला आणि १८६८ साली व्हर्जिनियात परतून लेक्सिंग्टन येथील सैनिकी विद्यालयात प्राध्यापक झाला. अखेरच्या वर्षांत तो शेतकऱ्यांच्या सभांतून हिंडत राहिला. शेतकऱ्यांनीही खलाशांप्रमाणे हवामानाच्या व पिकांच्या नोंदी ठेवाव्यात, त्या सर्वांना खुल्या असाव्यात, हा त्याचा जुनाच आग्रह होता. अशाच एका दौऱ्यात त्याची प्रकृती ढासळली आणि १ फेब्रुवारी १८७३ रोजी त्याचे निधन झाले. गोशेन खिंडीत रोडोडेंड्रॉन फुलले असताना आपला देह तेथून न्यावा अशी त्याची इच्छा होती. पुढे त्याच खिंडीतून नेऊन रिचमंड येथे त्याचे दफन करण्यात आले.

माणूस गेला, दप्तर उरले. मॉरीचे बांधीव तक्ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचले आणि त्यांची सूक्ष्मपटावर छायाचित्रे घेण्यात आली. १९८५ साली जगातील जहाजांच्या हवामाननोंदींचा एक मोठा संगणकीय संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ १८५४ पासून होता, म्हणजे ब्रुसेल्स परिषदेनंतरच्या पहिल्या वर्षापासून. त्याआधीचा काळ अंधारातच होता. १९९० च्या दशकात अमेरिका व चीन यांच्या सहकार्याने चीनमधील कर्मचाऱ्यांनी मॉरीचे तक्ते पडद्यावर वाचून, एकेक आकडा टंकित करून संगणकात भरले. अशा दहा लाखांहून अधिक नोंदी झाल्या आणि संग्रह अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे सरकला.

हे काम केवळ नकलेचे नाही. जुने अक्षर लागत नाही. शून्य रेखांश कोणी ग्रिनिचचा धरलेला असतो, कोणी दुसऱ्याच ठिकाणचा. वाऱ्याचा जोर आकड्यांऐवजी शब्दांत लिहिलेला असतो, त्याचा आकडा ठरवावा लागतो. पूर्व-पश्चिम लिहिताना चूक झाली तर जहाज भर वाळवंटात दिसू लागते! ही सारी चाळणी लावल्यावर मग समुद्राचे तपमान दीडशे-दोनशे वर्षांत कसे बदलले, हे अदमासाने नव्हे तर पुराव्याने सांगता येते. पुढे २०१० पासून सामान्य नागरिकही या कामात उतरले आणि घरबसल्या जुन्या युद्धनौकांच्या वह्या वाचून देऊ लागले. जेनेटच्या वह्याही त्यांनी अशाच वाचून काढल्या. हा सारा संग्रह आज कोणालाही विनामूल्य पाहता येतो. मॉरी निदान एक भरलेला तक्ता मागत होता. आता तेवढाही मोबदला कोणी मागत नाही.

रिचमंडच्या हमरस्त्यावर १९२९ साली उभारलेला मॉरीचा पुतळा जुलै २०२० मध्ये काढून टाकण्यात आला. त्याच्या नावाचे अमेरिकन नौदलाचे सर्वेक्षण जहाज २०२३ साली मेरी थार्प या सागरतळाचे नकाशे काढणाऱ्या विदुषीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. यात त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणवत नाही. पुतळा माणसाच्या साऱ्या आयुष्याचा गौरव करतो आणि मॉरीच्या आयुष्यात गौरवाला न पेलणारी बाजू होती. पण त्याच्या तक्त्यांतील एकही ओळ कोणी पुसली नाही, कारण ते तक्ते एकट्या मॉरीचे नव्हतेच. भर पावसात, हेलकावणाऱ्या दिव्याच्या उजेडात, थंडीने बोटे आखडली असतानाही वारा वायव्येचा आहे एवढे प्रामाणिकपणे लिहून ठेवणाऱ्या असंख्य अनाम खलाशांचे ते होते. मॉरीचा मोठेपणा हा की त्याने त्यांचे लिहिणे वाया जाऊ दिले नाही.

आपल्याही भोवती अशा वह्या असतातच. कोठे पावसाच्या मोजणीची, कोठे विहिरीच्या पाण्याच्या पातळीची, कोठे नुसती पेरणीच्या तारखांची. त्यांतली एखादी हाती आली तर ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहावी.